मदत हवी आहे: आई गेल्यापासून बाबांची जखम भरत नाही

सप्रेम नमस्कार. आम्ही वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहतो. माझे बाबा 74 वर्षांचे आहेत. स्मृतिभ्रंश झालेल्या आईची त्यांनी तीन वर्षे सेवा केली आणि फेब्रुवारीत आई गेली. तेव्हापासून सूरसागरच्या काठावरची मित्रांची बैठक त्यांनी सोडली, जेवण एका पोळीवर आले, आणि खुर्ची लागून नडगीवर झालेली रुपयाएवढी जखम सात आठवडे झाले तरी ओलीच आहे. रक्तातील साखर आणि पायांचे रक्ताभिसरण दोन्ही ठीक निघाले.

डॉक्टरांनी मलम दोनदा बदलले. घरी काय घडले, हे मात्र विचारले नाही. याचे मला नवल वाटते, कारण 1995 साली ओहायोत झालेल्या अभ्यासात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्यांच्या हातावर मुद्दाम केलेली छोटी जखम भरायला इतरांपेक्षा सरासरी नऊ दिवस अधिक लागले होते. सततच्या ताणात वाढणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक (हार्मोन) जखम भरण्याची सुरुवातीची प्रक्रियाच मंदावते.

बाबा अजूनही सकाळी चहाचे दोन कप काढतात आणि एक मुकाट्याने फडताळात ठेवतात. समुपदेशनाचे नाव काढले की, "मला काय वेड लागलंय?" म्हणून विषय संपवतात.

मराठीतून बोलणारे, वयस्कर माणसांशी धीराने वागणारे समुपदेशक शहरात कोणाला ठाऊक आहेत का? औषधोपचार चालू ठेवून, अशा अबोल माणसाला पुन्हा चार लोकांत कसे न्यावे, याचा कोणाला स्वतःचा अनुभव असल्यास कृपया सविस्तर लिहावा.