पृष्ठवंश नसलेला पृष्ठवंशी?

मृणाल, धरमपेठ:
शाळेतल्या मुलांसाठी प्राण्यांच्या उत्क्रांतीवर एक पुस्तिका मराठीत आणतेय. हॅगफिशपाशी येऊन गाडी अडली. समुद्राच्या तळाशी राहणारा, वामसारखा लांबट जीव. जबडा नाही. कवटी आहे, पण कूर्चेची, म्हणजे हाडापेक्षा मऊ. मणक्यांची माळ नाहीच. तरी त्याची गणती पृष्ठवंशी प्राण्यांत होते. मूळ वाक्य मराठीत आणलं की ‘पृष्ठवंश नसलेला पृष्ठवंशी प्राणी’ असं होऊन बसतं. सातवीतलं पोरगं पहिलं हेच विचारेल, मग त्याला पृष्ठवंशी म्हणता कशाला? ‘कणाधारी’ लिहिलं तर आणखीच पंचाईत. काय लिहू?

शुभम, मानेवाडा:
हा घोळ भाषेत नंतर आला, आधी शास्त्रातच होता. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये हॅगफिशला माशांत घेतलंच नव्हतं, कृमींमध्ये टाकलं होतं. आता जनुकांवरून तो आणि लॅम्प्रे हा दुसरा बिनजबड्याचा मासा सख्खे ठरलेत, आणि लॅम्प्रेला मणक्यांच्या जागी कूर्चेचे बारीक तुकडे असतात. २०११ मध्ये जपानी संशोधकांनी हॅगफिशच्या शेपटीकडच्या भागातही तसेच तुकडे दाखवले. म्हणजे याच्या पूर्वजांना मणके होते आणि याच्यात ते जवळपास नाहीसे झाले, असं मानायला चांगला आधार आहे. तुमच्या वाक्यातलं ‘नसलेला’च काढून टाका.

पुरुषोत्तमकाका, महाल:
शब्दाला हात लावायची गरजच नाही. वंश म्हणजे कूळ. सूर्यवंशी, चंद्रवंशी, तसा पृष्ठवंशी. कुळात जन्मला तो कुळाचा, अंगावर खूण असो वा नसो. अजगर पहा. पाय नाहीत, तरी तो चार पायांच्या प्राण्यांच्या कुळातलाच. पोटाखाली, शेपूट सुरू होते तिथे दोन बाजूंना नखासारखे दोन काटे दिसतात, ते मागच्या पायांचे अवशेष. आजचं सगळं वर्गीकरण वंशावळीवर चालतं. या दृष्टीने ‘पृष्ठवंशी’ हा इंग्रजी ‘व्हर्टिब्रेट’पेक्षाही सरस आहे.

मृणाल:
काका, मांडणी आवडली. पण ‘पाठीच्या कुळातला’ असा अर्थ लावायचा कसा?

गजानन, इतवारी:
तसा लागतच नाही जी. इथला वंश म्हणजे कूळ नव्हे, वेळू. आमच्या घरी पिढीजात बुरडकाम, म्हणून हा शब्द जवळचा. वंशलोचन वैद्यांकडे मिळतं ते बांबूच्या पेरात साठलेलं. वंशी म्हणजे बासरी, तीही वेळूचीच. पृष्ठवंश म्हणजे पाठीचा वेळू. सोललेला वेळू घेऊन त्याच्यावरून अंगठा फिरवा. गुळगुळीत पेर, मग उंचवटा, पुन्हा पेर, पुन्हा उंचवटा. वाकलेल्या माणसाच्या पाठीवरून हात फिरवला तरी तेच लागतं. कूळ हा अर्थसुद्धा यातूनच निघाला, पेरातून पेर निघावं तशी पिढीतून पिढी.

पुरुषोत्तमकाका:
व्युत्पत्ती मान्य. पण आज ‘वंश’ ऐकून कोणाला बांबू आठवतो? शब्दाचा अर्थ त्याच्या चालू वापरावरून ठरतो.

संजीवनी, रामदासपेठ:
चालू वापरच धरायचा, तर माझ्याकडे पाठ दाखवायला येणारं माणूस ‘पृष्ठवंश दुखतो’ म्हणत नाही. ‘मणक्यात गॅप आली’, ‘गादी सरकली’ म्हणतं. सरळ ‘मणकेवाले प्राणी’ लिहा ना. आणि मृणाल, मुलांना ही गादीच सांग. गर्भात पाठीच्या मधोमध एक लवचिक दांडी असते, पृष्ठरज्जू. पुढे मणके होतात आणि ती दांडी जाते, पण मणक्यांमधल्या गादीचा जो मऊ गाभा, तो तिच्यापासूनच झालेला असतो. हॅगफिशच्या अंगात ती दांडी जन्मभर अखंड राहते. आपल्याकडे तिचे तुकडे, त्याच्याकडे सगळीच. मुलं हे विसरणार नाहीत.

शुभम:
उत्तम! फक्त ‘पृष्ठरज्जू’ जपून वापरा. मेरुरज्जू म्हणजे चेतातंतूंचा जुडगा, तो वेगळा, आणि मुलं हमखास दोन्हींची अदलाबदल करतात. दहावीच्या पुस्तकातल्या ‘समपृष्ठरज्जू’ गटाचं नावही इथे चालणार नाही. त्यात अ‍ॅम्फिऑक्सस आणि हर्डमानिया हे समुद्री जीव येतात, त्यांना ना मणके ना कवटी. हर्डमानियाला तर ती दांडी फक्त डिंभक, म्हणजे पिल्लाच्या अवस्थेत असताना असते, तीही शेपटीत.

पुरुषोत्तमकाका:
‘मणकेवाले’ला माझा ठाम विरोध. उद्या सस्तनांना ‘दूधवाले’ म्हणाल. डॉ. रघुवीरांनी याच नागपुरात बसून पारिभाषिक शब्दांचे कोश रचले, ते काय असल्या शब्दांसाठी?

संजीवनी:
काका, कोशात शब्द असणं वेगळं आणि लेकरांच्या तोंडी बसणं वेगळं. ‘सरपटणारे प्राणी’ चालतं, मग हेच का नाही?

अश्विनी, जरीपटका:
मी हिंदी माध्यमातली. आम्ही पृष्ठवंशींना ‘कशेरुकी’ शिकलो आणि ‘वंश’ म्हणजे जीनस, जवळच्या स्पीशीजचा गट. मराठीत आल्यावर खरी फजिती ‘प्रजाती’ने केली. हिंदीत प्रजाति म्हणजे स्पीशीज. मराठीत स्पीशीज म्हणजे जाती, आणि प्रजाती म्हणजे जीनस. आता इथले मराठी पेपरही सर्रास हिंदी अर्थाने ‘पक्ष्यांच्या प्रजाती’ छापून राहिले.

शुभम:
यावर कधीतरी बोलायचंच होतं, कारण याने माहितीच चुकते. चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला सापडलेला डायनोसॉर घ्या. १९९७ मध्ये त्याचं नाव टायटॅनोसॉरस कोलबर्टी ठेवलं. २००३ मध्ये ते आयसीसॉरस कोलबर्टी झालं. नावातला दुसरा शब्द जातीचा, तो तोच; पहिला प्रजातीचा, तो नवा. दोन्हींना ‘प्रजाती’ म्हटलं, तर २००३ मध्ये बदललं काय, हे मराठीत सांगताच येत नाही.

गजानन:
पेपरवाले ‘जाती’ का टाळतात, ते उघड आहे ना भाऊ. वाघाची जात, बेडकाची जात असं लिहायला हात अडखळतो. त्या शब्दाने आमच्यासारख्यांना काय काय ऐकवलंय ते आम्हाला माहीत. मला ‘प्रजाती’च बरी वाटते.

पुरुषोत्तमकाका:
वेदना समजते, गजानन. पण शास्त्रात ‘जाती’ स्वच्छ आहे. समाजाने मळवला म्हणून शब्द टाकायचा का?

अश्विनी:
पण स्पीशीजला ‘प्रजाती’ म्हटलं, तर जीनसला कोणता शब्द उरतो? हिंदीसारखं ‘वंश’ म्हणायचं?

गजानन:
म्हणजे पुन्हा वेळूच.

मृणाल:
‘मणके जवळजवळ नाहीसे झालेला’ असं लिहून टाकलंय, दांडी आणि गादीही घेतेय. गटाच्या नावाचं अजून कोणी सांगितलं नाही.

पुरुषोत्तमकाका:
गटाचं नाव पृष्ठवंशी. अश्विनी, जीनसला ‘वंश’ मराठीत चालणार नाही, त्याची कारणं सविस्तर लिहितो.