'आत्मभक्षण' खटकतंय, दुसरा शब्द सुचवा

मृण्मयी
हंटिंग्टन रोगाच्या (मेंदूतल्या चेतापेशी हळूहळू मरत जाणारा आनुवंशिक आजार) रुग्णांच्या नातेवाइकांसाठी एक माहितीपत्रक मराठीत करते आहे. लिथियममुळे चेतापेशींमध्ये ऑटोफॅजी, म्हणजे पेशीनं आपलेच बिघडलेले भाग मोडून पुन्हा वापरणं, वाढते, असं एक वाक्य त्यात आहे. मी लिहिलं, 'लिथियम चेतापेशींचे आत्मभक्षण वाढवते.' मसुदा मावशीला वाचायला दिला. तिचा मुलगा द्विध्रुवी विकारासाठी बारा वर्षं लिथियम घेतो. तिनं ते वाक्य दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "म्हणजे ही गोळी त्याचा मेंदू खातेय का गं?" त्या रात्री तिनं त्याला गोळी दिलीच नाही. दुसऱ्या दिवशी कळल्यावर मी धावत गेले. अजून हात थरथरतोय लिहिताना.
स्वपचन, स्वभक्षण, की सरळ ऑटोफॅजी? काय लिहू?

सातारकर मास्तर
मृण्मयीताई, भक्षण मराठीनं घुसडलेलं नाही, ते मुळातच आहे. ख्रिश्चन द दुव्ह यांनी १९६३ मध्ये हा शब्द ग्रीकवरून घडवला. ऑटो म्हणजे स्वतः, फॅगीन म्हणजे खाणे. लायसोसोमही त्यांनीच शोधलेले, आपल्या शालेय पुस्तकातल्या लयकारिका. त्यांनाच 'आत्मघाती पिशव्या' असंही शिकवतात. तीस वर्षं शिकवलं, मुलांच्या लक्षात तेवढंच राहतं, आत्मघाती. लयकारिका पेशीचा कचरा निस्तरतात हे परीक्षेनंतर कोणाला आठवत नाही.

अनुस्वार
स्वपचन लिहा. लोकांना कळणार नाही म्हणून इंग्रजी शब्द तसाच ठेवायचा, हा आळस आहे. दिनांक आणि महापौर हे शब्दही एके काळी नवेच होते. वापरले म्हणून रुळले.

वैदेही_नागपूर
अहो, पण क्षारातु कुठे रुळला? कोशकार डॉ. रघुवीरांनी सोडियमला दिलेला शब्द. बीपीच्या पेशंटला डॉक्टर 'मीठ कमी करा' सांगतात आणि रिपोर्टवर सोडियम असतं. मधल्यामध्ये क्षारातु कोणालाच लागला नाही. आणि स्वपचन वाचून मला तर जठराचा अल्सर आठवतो.

निशिगंध
मनोविकारशास्त्र शिकते आहे, म्हणून आधी शब्दाबाहेरचं. मृण्मयीताई, मावशींना सांगा, लिथियम डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करायचं नाही. एकदम थांबवलं तर आजार उसळून येतो. रक्तातली पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रतिलिटर ठेवतात, रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी घेतात, थायरॉइड आणि किडनी अधूनमधून तपासतात. लक्ष द्यायचं ते इथे.
आता वाक्याकडे. माझी हरकत 'वाढवते' या क्रियापदाला आहे. लिथियम इनॉसिटॉल मोनोफॉस्फटेज या विकराला (एन्झाइमला) दाबतं, पेशीतलं इनॉसिटॉल घटतं आणि त्यातून ऑटोफॅजी वाढते. केंब्रिजच्या रुबिन्स्टाइन यांच्या गटानं हे २००५ मध्ये दाखवलं. पण तेच लिथियम जीएसके-३ बीटा या दुसऱ्या विकरालाही दाबतं, त्यानं ऑटोफॅजीला आवर घालणारा एमटॉर हा विकर चेतवला जातो आणि ऑटोफॅजी कमी होते. एक हात गाडी ढकलतो, दुसरा ब्रेक दाबतो. म्हणून २००८ मध्ये त्याच गटानं लिथियमला एमटॉर रोखणाऱ्या रॅपामायसिनची जोड दिली, आणि हंटिंग्टनचा बिघाड घातलेल्या फळमाश्यांमध्ये दोन्ही मिळून जास्त उपयोग झाला. माश्यांमध्ये! त्याच वर्षी एएलएसच्या (स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मरत जाणारा आजार) थोड्या रुग्णांवरून इटलीतून मोठी आशादायक बातमी आली होती, पुढच्या मोठ्या चाचण्यांत तो फायदा दिसला नाही. तेव्हा 'प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये' हे दोन शब्द कृपा करून घाला. नातेवाईक प्रत्येक ओळीला धरून बसतात.

कासारवाडा
आमच्या आजोबांचं भांड्यांचं दुकान होतं. फुटका हंडा, चेपलेली कळशी, डाग देऊन देऊन थकलेली परात लोक वजनावर आणून द्यायचे. त्याला मोड म्हणायचे. आजोबा तराजूत टाकायच्या आधी बुडाची काजळी नखानं खरवडून बघायचे. मोड ओताऱ्याकडे जायची, मुशीत वितळायची आणि त्याच पितळेची नवी भांडी यायची. सोनारही मोड घेतो. पेशी हेच करत असेल तर 'पेशीतली मोड' म्हणा की.

निशिगंध
अगदी हेच करते! बिघडलेली तंतुकणिका किंवा गोळा झालेलं प्रथिन एका दुहेरी पडद्याच्या पिशवीत गुंडाळलं जातं, ती पिशवी लयकारिकेला जाऊन मिळते, आत सगळं सुटं होतं आणि सुटी झालेली अमिनो आम्लं पेशी परत वापरते. हंटिंग्टनमध्ये असेच प्रथिनांचे गोळे चेतापेशींत साठतात, म्हणून तर तिथे हा सगळा विषय निघतो. मोड फार नेमका आहे.

वैदेही_नागपूर
मोड म्हटलं की मला मटकी दिसते. आणि मूळव्याधीलाही मोड म्हणतात. पत्रक दवाखान्यात वाटणार ना?

कासारवाडा
मटकीचा तो मोड. ही ती मोड. लिंग वेगळं, अर्थ वेगळा.

अनुस्वार
बोलीतला शब्द परिभाषेत आणायचा तर त्यापासून विशेषण, क्रियापद व्हायला हवं. ऑटोफॅजिक पिशवीला काय म्हणणार? मोडपिशवी?

कासारवाडा
हो, मोडपिशवी. काय वाईट आहे?

सातारकर मास्तर
एक राहून गेलं. फॅगीन आणि आपला भक्ष् ही एकाच कुळातली. भज् म्हणजे वाटून देणे, भाग त्यातलाच, भक्तही त्यातलाच. मूळ अर्थ 'वाटा मिळणे', खाणं नंतर आलं. म्हणजे भक्षणात फाडून खाणं नाही, वाटणी आहे.

मृण्मयी
मास्तर, हे फार सुंदर आहे, पण मावशीला भज् धातू कसा सांगू? सध्या असं केलंय: 'प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये लिथियममुळे पेशीची जुनं मोडून पुन्हा वापरण्याची क्रिया (ऑटोफॅजी) काही वेळा वाढलेली दिसली आहे.' लांबलंय, माहीत आहे.

अनुस्वार
ही व्याख्या झाली, शब्द नव्हे. पत्रकात दहा वेळा आला तर दहाही वेळा एवढं लिहिणार?

वैदेही_नागपूर
मोडी लिपीही मोडण्यावरूनच ना? हात न उचलता अक्षरं मोडून लिहायची म्हणून?

सातारकर मास्तर
तसंच सांगतात. हेमाडपंतांशी जोडणारी कथाही आहे, तिच्यावर माझा विश्वास नाही. कासारवाडा, तुमच्याकडे मोडीत वजन धरताना काजळीची वजावट करायचे, तिला काय म्हणायचे? आमच्याकडे घट.

कासारवाडा
घटच. पण आजी तूट म्हणायची. डागाच्या कथलासाठी वेगळा शब्द होता, आईला विचारून सांगतो.