गिटारची खरखर, घरघर की नुसतं 'घूं'?

पाचवी_तार
मदत हवी आहे. क्लासमध्ये बरीच मुलं पिकअपवाली (तारांची थरथर विजेत बदलणारा भाग बसवलेली) अकूस्टिक गिटार आणतात आणि अँपला जोडली की "टीचर, आवाज येतोय" म्हणून उभी राहतात. त्यांच्यासाठी एक पानी मराठी पत्रक करतेय: कुठला आवाज आला तर काय तपासायचं. इंग्रजीत चार वेगळे शब्द आहेत, हम, बझ, हिस, क्रॅकल. माझ्या पहिल्या खर्ड्यात चारही ठिकाणी 'खरखर' होतं! दुरुस्तीवाल्या काकांना दाखवलं तर म्हणाले, "सगळ्याला खरखर म्हणालीस तर मी भलतंच खोलून बसेन." मग 'हम'ला 'घरघर' केलं. त्यावर आई म्हणाली, घरघर माणसाला लागते, शेवटची. आता काय लिहू?

सोल्डरवाला
काकांना नमस्कार सांगा. खरखर म्हणजे व्हॉल्यूमचा नॉब फिरवताना येते ती. आत पट्टीवर धूळ बसलेली असते. काँटॅक्ट क्लीनर मारायचा, नॉब पंधरा-वीस वेळा इकडून तिकडे, संपलं. नॉबला हात न लावता, केबल हलली की आवाज तुटतो ती खडखड. तिथे जॅकची नटबोल्ट ढिली किंवा टाका सुटलेला.
हमला माझ्या दुकानात शब्दच नाही. गिऱ्हाईक तोंडाने "घूंऽऽ" करून दाखवतं. मी विचारतो, जॅकच्या धातूला बोट लावल्यावर घूं कमी होतं का? झालं तर घोडीखालच्या पिएझोपासून (तोच पिकअप) प्रीअँपपर्यंतच्या (गिटारमधलं, बॅटरीवर चालणारं, आवाज वाढवणारं छोटं सर्किट) वायरीची जाळी किंवा अर्थचा टाका बघायचा. बोट लावून ढिम्म फरक नाही, तर गिटार सोडा, अँप आणि साउंड मिक्सर विजेच्या वेगवेगळ्या बोर्डांवर लावलेत का ते बघा.

शुद्धलेखक
'घूं' हा शब्द नाही, आवाज आहे. मराठीत 'गुंजन' हा सुंदर शब्द असताना पत्रकात घूं? 'अर्थ'लाही 'भूसंपर्क' लिहिता येईल.

सोल्डरवाला
गुंजन भुंग्याचं. गिऱ्हाईक "गिटार गुंजन करतेय" म्हणालं तर मी म्हणेन, मग वाजवा की, दुरुस्तीला कशाला आणली?

जात्यावरची
घरघरीवर अन्याय होतोय. आमच्याकडे पहाटे जात्याची घरघर ऐकून जाग यायची, त्यात मरणबिरण कुणाच्या मनात नसे. पुढे गिरणीची घरघर, मग शिलाई मशीनची. एकसारखा, जाड, न थांबणारा आवाज म्हणजे घरघर. हम तरी दुसरं काय असतं?

पाचवी_तार
मलाही तसंच वाटलं होतं. पण जात्याच्या आवाजात दाणे भरडल्याचा खरबरीतपणा असतो ना? हम गुळगुळीत असतो.

खर्जातला
इथे थोडं गणित. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. साधा हम ५० चा, गुळगुळीत. अँपच्या पॉवर सप्लायमधून गळतो तो १०० हर्ट्झचा, त्यात वरचे अंशस्वर (मूळ स्वराच्या पटीतले उंच स्वर) मिसळले की तो करकरीत होतो, म्हणजे बझ. गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा तिसरा फ्रेट (दांडीवरची धातूची पट्टी) ९८ हर्ट्झ. त्यामुळे तो स्वर छेडला की बझशी त्याची झुंज लागते. कान देऊन ऐका, आवाज हेलकावे खातो. म्हणून माझं मत: हम म्हणजे 'खर्ज'. खरखर आणि खर्ज एकाच धातूतले असावेत.

शुद्धलेखक
अहो, खर्ज हा षड्जापासून आला. ष चा उच्चार ख, षड्जाचा खरज, खरजाचा खर्ज. खरखरीशी नात्याचा पत्ता नाही.

खर्जातला
षड्ज मान्य. पण लोकांनी तो खर्ज केला तेव्हा त्यांच्या कानात घशातली खरखर नसेलच असं कशावरून?

शुद्धलेखक
कशावरूनही नाही. व्युत्पत्तीला पुरावा लागतो, कान नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश उघडा.

सोल्डरवाला
१८५७ च्या मोल्सवर्थमध्ये प्रीअँप सापडला तर मलाही कळवा.

मडगाव_ते_दोहा
हिसबद्दल कोणीच बोललं नाही. तो 'सूं सूं'. प्रीअँपवर ट्रेबल पूर्ण चढवून ठेवला की येतो. आणि आवाज फाटका, चिरका झाला तर आधी ९ व्होल्टची बॅटरी बदला. केबल जॅकमध्ये खुपसली की प्रीअँप चालू होतो. तशीच खुपसून ठेवली तर न वाजवताही बॅटरी उतरत राहते. मी एका लग्नात स्टेजवर शिकलो हे, ऐन पहिल्या गाण्यात.
तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापून घूं घालवणारे महाभागही पाहिलेत. घूं जातं, पण अँपमध्ये बिघाड झाला की माइकला ओठ लागल्यावर शॉक बसतो. पत्रकात हे मोठ्या अक्षरांत टाका. घूं घालवायचंच तर डीआय बॉक्सवर (गिटार आणि मिक्सरच्या मध्ये जोडायचा डबा) ग्राउंड लिफ्टचा, म्हणजे फक्त सिग्नलच्या केबलचा अर्थ तोडणारा खटका असतो, तो वापरा.

जात्यावरची
माझे सासरे तंबोरा लावायचे. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवत बसायचे, जवारी जमेपर्यंत जेवणाला उठायचे नाहीत. तुम्ही ज्याला बझ म्हणून हाकलताय, तसाच झणकारा आणायला ते तासभर खपायचे!

खर्जातला
वा! मग बझला 'नको असलेली जवारी' म्हणा.

सोल्डरवाला
नका. फ्रेटला तार घासली की येणाऱ्या आवाजालाही बझच म्हणतात, आणि तो अँप बंद असतानाही येतो. जवारीशी नातं लावायचं तर त्याचं लावा. विजेच्या बझचं तिथे काही काम नाही.

पाचवी_तार
पत्रक शनिवारी छापायचंय. खरखर, खडखड, सूं सूं ठरलं. पिन कापू नका, हे चौकटीत टाकते. हम आणि बझचे दोन रकाने अजून कोरे आहेत. कोणीतरी एक शब्द द्या ना.

शुद्धलेखक
शब्द नंतर. तुम्ही सगळे 'ती गिटार' लिहिताय. वाद्य आहे, तेव्हा 'ते गिटार'.

मडगाव_ते_दोहा
सतार ती, सारंगी ती, वीणा ती. गिटारनेच काय घोडं मारलंय?

शुद्धलेखक
आणि व्हायोलिन? ते व्हायोलिन!

जात्यावरची
आमच्याकडे 'तो गिटार' म्हणतात.