स्पितीत खरं ऑफरोड कुठं?

अंधेरीकर: जुलैत मुंबईहून थार घेऊन निघतोय, मनालीपर्यंत माहितीय पण पुढे हिमाचलच्या स्पिती खोऱ्याकडे खरा कच्चा रस्ता कुठं लागतो, मॅपवर सगळं एकाच रंगात दिसतं राव!

डोंबिवलीचा दादा: ग्रांफू-बाटल-‘कुंझुम ला’ हा रूट कर, ‘ला’ म्हणजे खिंड, ती ४५०० मीटरच्या वर आहे. वाटेतल्या छत्रूच्या आसपास रस्त्यावरून वाहणारे नाले सकाळीच उरकायचे, दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं आणि खालचे गोटे दिसतच नाहीत, मग बंपर गेला समज.

गाडीवेडी: टाकी मनालीतच फुल्ल करा, या रूटवर पुढचा पंप थेट स्पितीतल्या काझाला. आणि मोकळं मैदान दिसलं की गाडी घालायची खाज आवरा प्लीज, गुरं चरतात तिथे.

अंधेरीकर: चंद्रताल तळं जमेल?

दादा: जमेल की, बाटलच्या पुढे फाटा आहे. शेवटी चालायचं, तळ्याकाठी तंबूला बंदी.