'तुंबाडचे खोत' झालं, आता 'माझा प्रवास': कोणती प्रत घ्यावी?

जगबुडीकाठ: पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'चे दोन्ही खंड संपवले. पहिला जबरदस्त. दुसऱ्यात माणसांची इतकी गर्दी की कोण कुणाचा हेच कळेना. आता कथा-कादंबरी नको. गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' घ्यायचंय. रत्नागिरीत दोन-तीन वेगळ्या प्रती दिसल्या. फरक काय?

कुळागर: फरक मोठा आहे. पेणजवळच्या वरसईचे हे भटजी १८५७ मध्ये दक्षिणा मिळेल या आशेने काकांबरोबर उत्तरेला निघाले आणि बंडात सापडले. लिहिलं मात्र १८८३च्या सुमारास. १९०७ मध्ये चिं. वि. वैद्यांनी छापलं, पण मजकुरावर हात फिरवून. मूळ मोडी हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी काढलेली आवृत्ती १९६६ची. मुखपृष्ठाला भुलू नका, आतलं पान आणि प्रस्तावना बघा. मूळ हस्तलिखिताचा उल्लेखच नसेल तर तो बहुधा वैद्यांचा पाठ.

खाडीपलीकडे: पोतदारांचीच घ्या, आणि पेन्सिल घेऊन बसा. समासात 'पाहिलं' की 'ऐकलं' एवढीच खूण करत जा. झाशीच्या वेढ्यात भटजी गावात होते, त्यामुळे ती पानं अस्सल. काडतुसांची हकिगत ऐकीव. शिवाय सगळं पंचवीसेक वर्षांनी आठवून लिहिलेलं. पुरावा म्हणून उतारे देणारे नेमके इथेच घसरतात. 'बिजन' म्हणजे सरसकट कत्तल, हा शब्द सारखा येतो. इसवी सन काढायला शकात ७८ मिळवा. माघ-फाल्गुन असेल तर ७९. पौष मध्येच लोंबकळतो, तिथे पंचांग बघावं लागतं.

देवगडवाला: तुंबाडच्या दुसऱ्या खंडाबद्दल वायच थांबा. गर्दी आहे, मान्य. वहीच्या मागच्या पानावर वंशावळ मांडा, प्रत्येक नावापुढे पहिल्यांदा आलं ते पान लिहा. अर्धी अडचण तिथेच संपते. उरलेली अर्धी खोती माहीत नसल्याची. सरकार आणि कूळ यांच्यामधला वसुलीदार तो खोत. १८८०च्या कायद्याने त्याचे हक्क कागदावर आले, १९३७ मध्ये आंबेडकरांनी खोती रद्द करायचं विधेयक मांडलं, कायदा व्हायला १९४९ उजाडलं. हे ठाऊक नसेल तर खोतांचा माज नुसता तापटपणा वाटतो आणि पडझड उगाच लांबवलेली.

(आणि 'तुंबाड' सिनेमावाल्यांनो, नावापलीकडे त्या सिनेमाचा या कादंबरीशी संबंध नाही. दर वेळी कोणीतरी विचारतंच.)

जगबुडीकाठ: वंशावळीचं पटलं. दुसरा खंड परत काढतो. भटजी पोतदारांचेच.