‘हिरवेपणा’, ‘जोम’ की ‘निर्देशांक’?

बालाघाटी : उपग्रहावरून पिकाची वाढ कशी बघतात, यावर गावातल्या शेतकरी गटासाठी दोन पानं लिहितोय. त्यासाठी उपग्रहाच्या चित्रावरून जो एनडीव्हीआय नावाचा आकडा काढतात, त्याला ‘सामान्यीकृत फरक वनस्पती निर्देशांक’ म्हटलं तर पहिल्या ओळीलाच माणसं उठून जातील. ‘हिरवेपणा’ चालेल का?

मांजराकाठ : सोपा आहे, पण फसवा. त्या सूत्रात हिरवा प्रकाश येतच नाही. तजेलदार पान तांबडा प्रकाश शोषतं आणि अवरक्त परत फेकतं. अवरक्तातून तांबडा वजा करायचा आणि दोन्हींच्या बेरजेनं भागायचं, म्हणून आकडा उणे १ ते अधिक १ मध्येच राहतो. शिवाय ऑगस्टात आपल्याकडं सगळंच हिरवं असतं. आपण म्हणतो ‘पीक जोमात आहे’. तर ‘पिकाचा जोम’ लिहा.

बालाघाटी : ‘अवरक्त’ ऐकून एका काकांनी विचारलं, यात रक्त कुठून आलं?

मांजराकाठ : रक्त म्हणजे मुळात तांबडा, अव म्हणजे खाली. वारंवारता तांबड्याहून कमी म्हणून ‘खाली’. डोळ्यांना न दिसणारा प्रकाश, एवढं एकदा सांगून टाका.

परभणीकरीण : दादा, ‘पिकाचा जोम’ला माझी हरकत आहे. मागं एका खरिपात झड लागली, खुरपणी राहिली, सोयाबीनात तण माजलं. वरून आकडा झकास! जोम तणाचा होता. ‘रानाचा जोम’ म्हणा, म्हणजे वावरात उगवलेलं सगळं त्यात आलं. तेही आभाळ उघडल्यावर कळलं, कारण हा आकडा ज्यावरून काढतात त्या सेंटिनेल-२ उपग्रहाला ढगाखालचं दिसत नाही. ढगातून बघायला सेंटिनेल-१ या दुसऱ्या उपग्रहाचं रडार लागतं, पण ते हा आकडा देत नाही.

बालाघाटी : ‘रानाचा जोम’ पक्का. पिक्सेलला काय म्हणू?

परभणीकरीण : गुंठा! सेंटिनेल-२ चा ठिपका १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा १०१ च्या आसपास. बांधावरचा ठिपका मात्र अर्धा शेजाऱ्याचा, तिथं भांडू नका.

मांजराकाठ : हे मला सुचायला हवं होतं. ‘सुदूर संवेदन’ (रिमोट सेन्सिंग) तसंच ठेवा, नागपूरच्या सरकारी केंद्राच्या नावातच ते आहे. वाढीच्या अवस्थांना नवे शब्द पाडू नका. ज्वारीला पोटरी, निसवण, हुरडा, कपाशीला पाते, फूल, बोंड, हरभऱ्याला घाटे. फक्त उपग्रहाला पोटरी दिसत नाही. आकड्याचा आलेख कुठं चढला, कुठं टेकला यावरून अवस्थेचा अंदाज बांधतात. दाणा भरू लागला की पानं पिवळी पडतात आणि आकडा उतरतो. ‘पीक’ हा शब्द ‘पिकणं’चा सोयरा, आणि नेमकं पिकताना जोम घसरलेला दिसतो. सप्टेंबर सरताना सोयाबीनचा आकडा उतरला की लोक रोग समजून फवारायला धावतात.

परभणीकरीण : म्हणून तिथं ‘घसरण’ लिहू नका. आम्ही म्हणतो, ‘सोयाबीन काढणीला आलं’.