मदत हवी आहे: कडू काढ्याची उंदरांवरची चाचणी, मध्येच खोली तापली

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात एम. फार्म. करतेय. काडेचिराईत, कुटकी आणि गुळवेल यांच्या काढ्याची 28 दिवसांची विषारीपणा चाचणी विस्टार जातीच्या उंदरांवर चालू आहे, ओईसीडी 407 या आंतरराष्ट्रीय चाचणी-नियमावलीप्रमाणे: तीन मात्रांचे तीन गट, एक कंट्रोल (काढा न दिलेला गट), प्रत्येक गटात 5 नर आणि 5 माद्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या नैतिकता समितीची परवानगी आहे.

19व्या दिवशी दुपारी लाइट गेली. बाहेर आपलं मे महिन्यातलं ऊन. खोली 22 अधिक-उणे 3 अंशांत राहायला हवी, पण थर्मामीटर 34 दाखवत होता. उंदीर पिंजऱ्यात अंग पसरून पडले होते. पुढचे तीन दिवस कंट्रोलसकट सगळ्यांचंच खाणं घटलं. नंतर बाकीचे सावरले, पण 1000 मिग्रॅ प्रतिकिलोच्या गटातल्या माद्यांचं वजन अजून कमीच आहे. कडूपणामुळे म्हणावं, तर औषध तोंडातून घातलेल्या बोथट, नळीसारख्या सुईने थेट पोटात जातं, जिभेला चवच लागत नाही.

म्हणून यकृताची काळजी वाटते. गुळवेल घेतलेल्या रुग्णांना यकृताची इजा झाल्याच्या नोंदी मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये छापल्या होत्या. आमच्याकडे घरोघरी हा काढा लहान मुलांनाही देतात, त्यामुळे निष्कर्ष चुकायला नको.

उन्हाचा परिणाम कंट्रोलशी तुलना करून वेगळा काढता येईल का? एएलटी, एएसटी या यकृताची इजा दाखवणाऱ्या रक्ततपासण्यांसोबत अजून काय तपासू? नव्याने सुरू करायचं तर आणखी 40 जीव लागतील, त्याला मन तयार होत नाही. कुणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.